गल्लीतली भिंत रंगवायचीय? आधी समोरच्या चहावाल्याला विचारा

दरवर्षी दिवाळी झाली की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, की आमच्या सोसायटीबाहेरची भिंत जाम घाण दिसते, त्यावर काहीतरी मस्त पेंटिंग करायचंय, कुठल्या कंपनीचा रंग घेऊ? मी दरवेळी उलटा प्रश्न टाकतो, रंगाचं बघू नंतर, त्या भिंतीसमोर दिवसभर कोण असतं ते सांग आधी. मग समोरून बराच वेळ नुसतं टायपिंग टायपिंग दिसत राहतं. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढावं म्हणजे पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करता येईल.

आधीच सांगतो, मी चित्रकार नाही. अकाउंट्समधला माणूस आहे, पण डोंबिवलीत आमच्या आसपास तीन भिंती रंगवायच्या भानगडीत पडलोय, त्यातली पहिली सपशेल फसली. मे महिन्याच्या शेवटी, मुलांना सुट्टी आहे म्हणून, उरलेल्या ऑइल पेंटने, दोन हातांत पृथ्वी धरलेलं ते चित्र असतं ना, तेच काढलं आणि खाली मोठ्या अक्षरात 'पाणि वाचवा'. हो, ऱ्हस्व णि. उद्घाटनाला आलेल्या शाळेतल्या बाईंनी सगळ्यांसमोर दाखवून दिलं. गणपती येईपर्यंत पृथ्वीचे पोपडे निघाले होते आणि आशिया खंड गटारात पडला होता. चूक करायची राहिली अशी एकही गोष्ट नव्हती, त्यामुळे पुढे उदाहरणाला ती भिंत सारखी येणार आहे, सवय करून घ्या.

सगळ्यात आधी भिंत कोणाची ते बघा. हे वाटतं तितकं सोपं नाही बरं का, कारण कंपाउंडची आतली बाजू सोसायटीची आणि बाहेरचा फूटपाथ पालिकेचा, नाल्याकडची भिंत पालिकेची, रुळालगतची रेल्वेची, आणि मध्येच महावितरणचा डीपी असतो त्याच्या तर चार हात लांबच राहा. सोसायटीची असेल तर कमिटीचा ठराव आणि लेटरहेडवर परवानगी घ्या, तोंडी 'करा करा, चांगलंय' यावर विसंबू नका, कमिटी बदलते. पालिकेची असेल तर वॉर्ड ऑफिसला अर्ज, सोबत भिंतीचा फोटो, लांबी-रुंदी आणि चित्राचं छोटं स्केच, आणि अर्जाच्या कॉपीवर आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका. आमची फाइल एका ऑफिसात दोन महिने होती आणि शेवटी कळलं की आम्ही भिंतच चुकीच्या खात्याकडे मागत होतो. परवानगी नसताना केलेलं कितीही सुंदर चित्र महाराष्ट्रात १९९५ च्या मालमत्ता विद्रूपणाच्या कायद्यात बसू शकतं, म्हणजे कुणी तक्रार केली तर कौतुक राहिलं बाजूला, पोलीस चौकीच्या फेऱ्या.

आणि एक, काळ्या दगडाची जुनी भिंत असेल तर प्लीज हात लावू नका. वाड्याचं जोतं, वेशीची कमान, किल्ल्याचा तट, घाटाच्या पायऱ्या, हे सगळं तसंच छान आहे. दगडावर अॅक्रिलिक मारलं की ते नीट निघत नाही आणि दगडातली ओल कोंडून बसते. झाडांच्या खोडांवर चित्रं काढणाऱ्यांबद्दल तर मी काही लिहितच नाही.

आता चहावाला. आमच्या पहिल्या दोन्ही भिंतींसमोर एकच टपरी आहे, तिथले काका सकाळी पाचला येतात आणि रात्री दहाला जातात. तिथे कोण कचरा टाकतं, कुठल्या कोपऱ्यात लोक उभे राहतात, पाणी कुठून झिरपतं, कुठली गाडी रोज भिंतीला टेकवून लावतात, हे त्यांना आमच्या आख्ख्या कमिटीपेक्षा जास्त माहीत होतं. पहिल्या वेळी आम्ही त्यांना काही विचारलं नव्हतं आणि त्यांनीही काही सांगितलं नाही, चित्रासमोर शांतपणे आपली रिकामी क्रेट्स रचली. दुसऱ्या वेळी तीन संध्याकाळी तिथेच बाकड्यावर बसलो, चहा पीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला एवढंच विचारत होतो की इथे पूर्वी काय होतं हो? कुणी म्हणालं विहीर, कुणी म्हणालं भाताचं खाचर, एका आजींनी सांगितलं की नाल्यावर लाकडी साकव होता आणि त्या शाळेत त्यावरून जायच्या. झालं, चित्र मिळालं. साकवावरून दप्तर घेऊन चाललेल्या दोन वेण्यांच्या मुली. त्या आजी आता पाहुण्यांना घेऊन येतात दाखवायला.

याचं मोठं उदाहरण म्हणजे २०१७ चं मुंबईतलं ससून डॉक. १८७५ चा तो धक्का, कोळी लोकांचा राबता, मासळीचा वास, आणि तिथे स्टार्ट इंडिया या रस्त्यावरच्या कलेसाठी काम करणाऱ्या संस्थेने कलेचा उत्सव भरवला तेव्हा धक्क्यावर काम करणाऱ्या माणसांचेच मोठमोठे फोटो भिंतींवर चिकटवले होते. ज्या बायका पहाटे तिथे बसून कोळंबी सोलतात त्यांचेच चेहरे भिंतीवर. वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके आहेत ना, २०१४ मध्ये रणजित दहिया यांनी केलेले, ते रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही समजतात, तिकीट काढावं लागत नाही, चप्पल काढावी लागत नाही, आत कुणी तुम्हाला वरून खालपर्यंत बघत नाही. जहांगीर आर्ट गॅलरीच्या दारावरून रोज जाणारे कितीतरी लोक आयुष्यात कधी आत गेलेले नसतात, आणि त्यात त्यांची काही चूक आहे असं मला वाटत नाही. दहिया स्वतः आधी भिंतींना चुना-रंग मारायचं काम करायचे, हे मला त्यांच्या चित्राइतकंच आवडतं. आणि २००९ मध्ये माटुंगा-माहीमच्या बाजूला तुळशी पाइप रोडवरच्या रेल्वेच्या भिंतीवर पालिकेच्या परवानगीने सर्वसामान्य लोकांनी येऊन जे काय जमेल ते रंगवलं होतं, त्यातलं बरंचसं चित्र म्हणून यथातथाच होतं, पण लोकलमधून उतरून चालत जाताना आपल्या चुलतभावाने काढलेला मासा दाखवणारी माणसं मी बघितलीयत.

आपल्याकडे भिंत घाण होऊ नये म्हणून देवांच्या टाइल्स लावायची पद्धत आहे, गणपती, साईबाबा, मशीद, क्रॉस सगळे ओळीने गुडघ्याएवढ्या उंचीवर. कामाची युक्ती आहे, नाही म्हणत नाही, पण देवाला वॉचमन केलंय हे बघून मला कसंतरीच होतं, आणि लोक टाइल सोडून दोन फूट पलीकडे उभे राहतात ते वेगळंच. ओळखीच्या चेहऱ्याचं चित्र असेल तर फरक पडतो हा आमच्या दोन भिंतींचा अनुभव आहे, मात्र त्यासोबत कोपऱ्यात एक दिवाही लावून घेतला होता आणि कचऱ्याची गाडी सकाळी आठऐवजी साडेसहाला यायला लागली होती, तेव्हा सगळं श्रेय चित्राला देऊ नका.

विषयाबद्दल अजून एकच. 'वारली काढूया, सोपं असतं' हे वाक्य प्रत्येक मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच. त्रिकोणाला त्रिकोण जोडला की वारली होत नाही हो. लग्नाच्या वेळी सुवासिनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते, ती पूजेची गोष्ट आहे, ती आणून कचराकुंडीच्या मागे काढायची का याचा जरा विचार करा. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, डहाणू-तलासरीकडे आज कितीतरी वारली कलाकार आहेत. हवीच असेल वारली तर त्यातल्या कुणाला बोलवा, प्रवास, राहणं आणि मेहनतीचे पैसे द्या, आणि काय काढायचं ते त्यांना ठरवू द्या. तसंही कुठल्याही कलाकाराला 'तुमचं नाव होईल ना' असं सांगून फुकट राबवणं बंद करा, प्लंबरला सांगता का असं?

चला, भिंतीकडे. सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात भिंत पाणी पिते आणि ती सुकायला ऑक्टोबर आख्खा जातो. भिंतीचं तोंड पश्चिमेला किंवा नैऋत्येला असेल तर पावसाचा मारा तिथेच जास्त, त्यामुळे तिथे तयारी दुप्पट करा. तीन टेस्ट करायच्या, तिन्ही फुकट. कोरड्या हाताने भिंत घासा, पांढरी पूड हाताला लागली तर जुना चुना किंवा डिस्टेंपर सुटा झालाय, तो सगळा खरवडावा लागेल. मग फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी काढा, आत थेंब दिसले की ओल आहे, तेव्हा रंग विसरा आणि पाइप कुठे गळतोय ते शोधा. तिसरी, बोटाच्या पेराने ठोकत जा, पोकळ आवाज आला तिथला गिलावा सुटलाय, तो पाडून गवंड्याकडून परत करून घ्या आणि नवा गिलावा किमान महिनाभर तरी राहू द्या, नाहीतर सिमेंटमधला क्षार रंग खाऊन टाकतो. खालच्या बाजूला मिठासारखी पांढरी बुरी दिसतेय? तो लोणा. ब्रशने झाडा, पाणी मारून धुवू नका कारण क्षार परत आत शोषला जातो, आणि ओलीचं मूळ बंद होईपर्यंत तो येतच राहणार.

या सगळ्याला लोक कंटाळतात. पण अजिंठ्यातसुद्धा थेट दगडावर ब्रश नाही टेकवलेला, आधी मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस, गवत, तंतू, वर चुन्याचा पातळ थर, मग चित्र. आणि गोव्यात, सिंधुदुर्गात देवळांवर कावी काम दिसतं ना लाल-पांढरं, त्यात पांढऱ्या चुन्यावर कावेचा, म्हणजे लाल मातीचा, थर देऊन तो ओला असतानाच कोरून काढतात, म्हणजे चित्र गिलाव्याचाच भाग असतं, म्हणून ते टिकलंय. आपण तेवढं नाही करू शकत पण दोन दिवस खरवडायला काय हरकत आहे.

खरवडायला लोखंडी पत्ती आणि वायर ब्रश, शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासून स्वच्छ धुवा आणि दोन-तीन ऊन खाऊ द्या, मग भेगांत बाहेरच्या भिंतीची पुट्टी, सुकल्यावर पॉलिश पेपर, आणि त्यावर एक्स्टिरियर प्रायमरचा एक हात. घरातली उरलेली पुट्टी वापरू नका, पहिल्या पावसात ती खडूसारखी विरघळते. रंग बाहेरच्या भिंतीचा अॅक्रिलिक इमल्शनच घ्या. ऑइल पेंट चकचकीत दिसतो म्हणून मोह होतो पण तो भिंतीला श्वास घेऊ देत नाही, आत ओल कोंडते, फुगे येतात, आणि मग आशिया खंड गटारात.

हिशेब अकाउंटंटच्या सवयीने देतो. ४० फूट लांब, १० फूट उंच, म्हणजे ४०० चौरस फूट. प्रायमर एका हाताला लिटरमागे साधारण १०० चौरस फूट, म्हणजे चार लिटर, भिंत पिणारी असेल तर पाच. इमल्शन दोन हातांना लिटरमागे ५० ते ६० चौरस फूट, म्हणजे पायाच्या रंगाला सात-आठ लिटर. त्यावर चित्राचे सहा-सात रंग एकेक लिटर, आकाश किंवा पाणी असेल तर तेवढा एक चार लिटरचा डबा. फिके रंग पांढऱ्यात स्टेनरची ट्यूब घालून घरीच होतात, गडद मात्र दुकानातल्या मशीनवर करून घ्या, कारण पांढऱ्यात ट्यूबवर ट्यूब पिळत बसलात तर लाल काही होत नाही, गुलाबीच राहतो आणि नीट वाळतही नाही. प्रत्येक शेडचा कोड फोटो काढून ठेवा. आणि ऊन लक्षात घ्या, भडक गुलाबी, जांभळे, झगमगीत पिवळे लवकर उडतात, गेरू, रामरज (पिवळी माती), काळा, पांढरा हे मातीचे आणि खनिजाचे रंग वर्षानुवर्षं टिकतात.

आता एक टिप जी कुठल्याही व्हिडिओत मिळणार नाही. खालचा दीड फूट कुठलंही चित्र काढायचं नाही, तिथे सरळ गडद गेरूचा पट्टा मारायचा. गावाकडच्या घरांना असतो तसा. चिखल उडतो, पानाची पिचकारी येते, कुत्री येतात, सगळं त्यात खपून जातं आणि दर सहा महिन्यांनी एक मुलगा अर्ध्या तासात तो परत मारू शकतो. मुलींचे पाय पट्ट्याच्या वर सुरू होतात आमच्या, तेवढा साकव उंच केला.

छोटं स्केच भिंतीवर मोठं कसं करायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या घरातले असाल तर उत्तर तुम्हाला येतंच. स्केचवर एक-एक इंचाचे चौकोन, भिंतीवर एक-एक फुटाचे, नीळ लावलेली सुतळी दोघांनी ताणून धरायची आणि मध्ये तिसऱ्याने ओढून सोडायची, टप्पकन सरळ रेघ. मग एकेक चौकोन बघून उतरवत जायचं. तोच आकार परत परत हवा असेल, पानं, पक्षी, बुट्टे, तर रांगोळीच्या कागदाला उदबत्तीने भोकं पाडतो तशी ब्राउन पेपरला पाडा, कागद भिंतीला लावा आणि नीळ भरलेली फडक्याची पुरचुंडी त्यावर आपटत जा. प्रोजेक्टरही चालतो पण रात्रीच, आणि समोर पुरेशी जागा लागते, आमच्या गल्लीत प्रोजेक्टर ठेवायला जागा होती ती रिक्षा स्टँडच्या मधोमध, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

आठ फुटांच्या वर काम असेल तर घोडा (घडीची शिडी) किंवा परांची भाड्याने आणा, प्लास्टिकच्या खुर्चीवर स्टूल ठेवणाऱ्या महाभागांना घरी पाठवा. परांचीवर मुलं अजिबात नाहीत. बारा ते चार काम बंद, एक तर डोकं तापतं आणि दुसरं म्हणजे तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच वाळतो आणि पट्टे दिसतात.

रंगवायच्या दिवशी साठ माणसं येतील आणि ब्रश असतील बारा. म्हणून आदल्या रात्री खडूने प्रत्येक भागात रंगाचा नंबर लिहून ठेवायचा, रंगाच्या मगांवरही तेच नंबर. मग पाच वर्षांचं पोरगं असो की पासष्टच्या काकू, त्यांना एवढंच सांगायचं की चार नंबर सगळे तुमचे. कडा मात्र कुणाला द्यायच्या नाहीत, कडा मारायला दोनच पक्के हात ठेवायचे आणि ते सगळे गेल्यावर शांतपणे बसतात. एका माणसाने काहीच न करता फक्त पाणी, फडकी आणि 'काका गाडी थोडी पुढे घ्या ना' एवढंच बघायचं, हे काम सगळ्यात दमवणारं आहे. कपडे जुने घाला हे सांगूनही तीन जण पांढऱ्या टी-शर्टात सेल्फीसाठी येतातच.

अक्षरं असतील तर बोर्ड पेंटर शोधा. फ्लेक्स आले आणि यांची कामं गेली, पण तुमच्या स्टेशनबाहेरच्या बाजारात विचारलंत तर एखादा अजून मिळेल ज्याचा हात न थरथरता सात फुटांची शिरोरेघ ओढतो. आमच्याकडे आले ते सत्तरीचे होते, पेन्सिलही लावली नाही, नुसती सुतळी मारली आणि चपट्या ब्रशने 'साकव' लिहिलं, गल्ली बघत उभी राहिली. त्याआधी मजकूर व्हॉट्सअॅपवर त्या शाळेतल्या बाईंना पाठवला होता, ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्यायला. त्यांनी अंगठा पाठवला तेव्हाच डबा उघडला.

मग येतो सौजन्यचा प्रश्न. कुणीतरी पाचशे रुपये देतं आणि त्याला चार फुटांत आपला फोटो, हात जोडलेला, हवा असतो. आधीच ठरवून लिहून ठेवा की कोपऱ्यात एक बाय एक फुटाची चौकट, त्यात आधी चित्रकार, मग बाकी नावं, एकाच मापात, फोटो कुणाचाच नाही. वाद झाला तर आचारसंहितेचं कारण द्या, निवडणूक लागली की नेत्यांची नावं-फोटो झाकायला माणसं येतात आणि मग तुमच्या चित्रावर वर्तमानपत्र चिकटवलेलं बघायची वेळ येते. हे कारण चालतं, स्वानुभव.

चित्रकार बाहेरचा असेल तर साध्या कागदावर तरी लिहून घ्या की चित्र किती वर्षं ठेवायचं, दुरुस्ती कुणी करायची, भिंत पाडायची वेळ आली तर आधी कळवायचं. याला कारण आहे. दिल्लीत विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भलंमोठं म्युरल होतं, १९७९ मध्ये नूतनीकरणात ते काढून गोदामात टाकलं, त्यांना न विचारता. ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने निकाल दिला की पैसे देऊन विकत घेतलं तरी कलाकाराच्या कामाची अशी वाट लावता येत नाही, अवशेष परत करा आणि पाच लाख भरपाई द्या. आपल्या गल्लीतली मुलगी काही कोर्टात जाणार नाही, पण तिने आठ रविवार घालवलेल्या चित्रावर सोमवारी सकाळी क्लासेसची जाहिरात दिसली तर पुढच्या भिंतीला ती येणार नाही.

पावसाळा संपला की ऑक्टोबरात नुसत्या पाण्याने आणि मऊ ब्रशने भिंत धुवा, साबण नको, पॉवर जेट तर नकोच. चार-पाच वर्षांनी रंग उतरतोच, तेव्हा तेच परत गिरवायचं की नवं काढायचं ते त्या वेळच्या लोकांना ठरवू दे. तोपर्यंत डागडुजीला उरलेला रंग पाण्याच्या बाटल्यांत गच्च भरून, झाकणावर नंबर टाकून ठेवा, सोसायटीच्या ऑफिसात नको कारण त्याची किल्ली कधीच सापडत नाही. आमच्या पाच बाटल्या टपरीच्या फळीखाली असतात. परवा गेलो तर काका म्हणाले, तीन नंबर संपलाय, घेऊन या. तीन नंबर म्हणजे गेरू. पट्टा ते स्वतःच मारतात आता, आणि क्रेट्स रचतात त्या भिंतीच्या पार पलीकडच्या टोकाला.